गुडघे वळत नाहीत, पण बाग सोडायची नाही: नागपुरातल्या ज्येष्ठांच्या बागकामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या अंगणांतून, परसांतून आणि गच्च्यांवरून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरेचसे प्रश्न मुलं-सुना विचारतात, आणि त्यामागे "आता यांना बागकाम बंद करायला सांगावं का?" ही काळजी असते. बंद करण्याआधी तीन गोष्टी तपासा: अवजाराची लांबी, उचलावं लागणारं वजन आणि मातीची ओल. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बाबा ७४ वर्षांचे आहेत. खाली बसले की उठवत नाही. सुरुवात कुठून करायची?

आठवडाभर नुसतं बघा, नेमकं कुठे अडतं. त्रास तीन जागी होतो: खाली बसणं-उठणं, उचलणं आणि मूठ आवळणं. बसणं अडत असेल तर प्रश्न ३ आणि १० वाचा, उचलणं अडत असेल तर ७ ते ९, मूठ दुखत असेल तर ५ आणि ६.

पैसे खर्च करायचा आमचा क्रम असा: आधी पाण्याची सोय, मग बसायची, शेवटी नवी अवजारं. बहुतेक घरांत उलटं होतं. अवजारांचा चकचकीत संच येतो आणि पाण्याने भरलेली १५ लिटरची बादली, म्हणजे १५ किलो, रोज उचलणं चालूच राहतं.

बसायला पाट किंवा १० इंची स्टूल देऊ नका. गुडघा जितका जास्त दुमडतो तितकं उठणं कठीण. बैठक १६ ते १८ इंच उंच हवी आणि उठताना रेटा द्यायला दोन्ही बाजूंना हात हवेत. साधी प्लास्टिकची हातवाली खुर्ची चालते, पण तिचे पाय ओल्या मातीत रुततात आणि माणूस एका अंगाला कलंडतो. चारही पायांखाली येईल अशी फळी किंवा फरशीचे तुकडे ठेवा, मगच बसू द्या.

२. खुरपं मातीत घुसतच नाही. नवीन घेतलं तरी तेच. खुरपं खराब आहे का?

खुरपं खराब नसेल, वेळ चुकत असेल. आपल्याकडची काळी माती चिकण असते. ओली झाली की फुगते आणि पात्याला लोण्यासारखी लिंपते, वाळली की आक्रसून दगड होते आणि तिला भेगा पडतात. या दोन टोकांच्या मधे एक छोटा काळ असतो, तो वाफसा. शेतकरी वाफशाशिवाय डवरणी (पिकाच्या ओळींमधली कोळपणी) करत नाही. अंगणात मात्र आपण मनाला येईल तेव्हा खुरपं घेतो आणि मनगट दुखवून घेतो.

वाफसा ओळखायची रीत: चार बोटं खोलीवरची मूठभर माती घ्या, लाडू वळा, अंगठ्याने दाबा. लाडू भुसभुशीत फुटला तर काम करा. अंगठा रुतून ठसा उमटला तर अजून ओली आहे, थांबा. लाडूच वळत नसेल तर संध्याकाळी हलकं पाणी द्या आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. पावसाळ्यात चांगली उघडीप मिळाली तर साधारण दोन-तीन दिवसांनी वाफसा येतो.

कायमचा उपाय हळू आहे पण खात्रीचा. दरवर्षी दोन इंच जाडीचं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत वरच्या सहा इंचांत मिसळा. दोन-तीन वर्षांत माती मोकळी होते. काळ्या मातीत वाळू मिसळायचा सल्ला सर्रास दिला जातो. थोडी वाळू घालून काही होत नाही, उलट माती विटेसारखी आवळते.

३. उभ्याने निंदण करता येईल असं अवजार कोणतं?

लांब दांड्याचं डवऱ्याच्या धर्तीचं हातकोळपं. त्याचं पातं चार ते सहा इंच रुंद, पातळ आणि जमिनीला जवळजवळ समांतर असतं. ते मातीत खोल मारायचं नसतं, अर्धा इंच खोलीवरून सरकवायचं असतं. गवत मुळाशी कापलं जातं, माती उपसली जात नाही, त्यामुळे जोरही कमी लागतो.

दांड्याची लांबी हीच खरी मेख. अवजार जमिनीवर उभं केलं की दांड्याचं टोक हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यायला हवं. दुकानात मिळणारे बरेच दांडे चार फुटांचे असतात आणि पाच फूट चार इंचांच्या माणसाला ते कमरेत वाकवतात. लोहाराकडून किंवा सुताराकडून पाच फुटांचा दांडा बसवून घ्या. बांबू हलका असतो. ॲल्युमिनियमची नळीही चालते, पण मे महिन्यात उन्हात राहिली तर हात लावता येत नाही, म्हणून तिच्यावर प्रश्न ६ मधल्यासारखी ट्यूब गुंडाळा.

गवत बोटभर उंचीचं असतानाच दर आठवड्याला दहा मिनिटं फिरवा. हरळी आणि लव्हाळा याने मरत नाहीत, त्यांच्या गाठी जमिनीखाली असतात. तेवढं काम वाफशात, खोदून, दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावं.

४. कुदळ, पावडं, खुरपं, सगळ्यांचे दांडे सैल होतात. पाण्यात भिजवून ठेवलं की दोन दिवस घट्ट राहतात. कायमचं काय करावं?

भिजवणं थांबवा. लाकूड फुगतं, पण भोवती लोखंडाची कडी असल्यामुळे त्याचे तंतू आतल्या आत चेपले जातात. वाळल्यावर ते आधीपेक्षाही बारीक होतं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तर हे फार लवकर घडतं.

पावडं आणि कुदळ यांचा दांडा वरून घातलेला असतो आणि त्याचं वरचं टोक जाड असतं. अवजार उलटं धरा आणि ते जाड टोक दगडावर दोन-तीनदा सरळ आपटा. लोखंड जाड टोकाकडे सरकून आवळतं. अनेक जण सवयीने बारीक टोक आपटतात, त्याने ते अजून सैल होतं. तरीही हललं तर वाळलेल्या बाभळीची पातळ पाचर वरून ठोका. हे काम पन्नाशीच्या आतल्या कोणाकडून तरी करून घ्या, कारण सैल पावडं डोक्यावरून सुटतं तेव्हा कोणालाच आवरता येत नाही.

खुरप्याचं वेगळं. त्याची शेपटी मुठीत रुतलेली असते. मूठ ओढून काढा, भोक कोरडं करून साफ करा, दोन ट्यूबचा इपॉक्सी गोंद कालवून आत भरा, सोबत बांबूच्या दोन-तीन सळया घाला, शेपटी बसवा आणि २४ तास हात लावू नका.

वर्षातून दोनदा, होळीच्या सुमारास आणि पावसाळ्याआधी, दांड्यांना जवसाचं तेल पातळ हाताने लावा. इथे एक खबरदारी पाळाच: जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

५. फांद्या कापायचा कटर दाबताना आईचा अंगठा दुखतो. चांगल्या कंपनीचा घेतला, तरीही.

आधी कटरची धार बघा. वर्तमानपत्राचा कागद कापून पाहा. फाटत असेल तर धार गेली आहे आणि आई दीडपट-दुप्पट जोर लावते आहे.

साफसफाईची रीत: मधला नट सोडवून दोन्ही पाती वेगळी करा. स्प्रिंग उडून हरवते, म्हणून खाली ताट ठेवा. वाळलेला चीक रॉकेलच्या किंवा स्पिरिटच्या बोळ्याने निघतो. धार फक्त उतरत्या बाजूवर लावायची, पात्याचा सपाट भाग घासायचा नाही. बारीक दाण्याचा दगड त्याच उतारावर टेकवून एकाच दिशेने आठ-दहा वेळा फिरवा. शेवटी सपाट बाजूवर एकदाच हलकं फिरवलं की उलटलेली कड निघते. आकड्यासारख्या दुसऱ्या पात्याला धार नसते, त्याला हात लावू नका. जोडताना नट इतकाच आवळा की पाती हलणार नाहीत पण स्वतःच्या स्प्रिंगने उघडतील. नट सैल राहिला तर फांदी दोन पात्यांत चिमटली जाते, आणि लोक समजतात धार गेली.

धार असूनही दुखत असेल तर कटर हाताला मोठा आहे. पूर्ण उघडल्यावर बोटांची टोकं खालच्या मुठीवर सहज वळायला हवीत. सांधे सुजलेल्या हातांना रॅचेटचा कटर द्या. तो एकाच जोरात कापत नाही, तीन-चार हलक्या दाबांत पुढे पुढे सरकतो. वेळ जास्त, जोर कमी. मात्र कोणत्याही हातकटरने करंगळीपेक्षा जाड फांदी कापू नका. त्यापुढे लांब दांड्याचा लॉपर, आणि अंगठ्याहून बरीच जाड असेल तर आरी.

संत्रा किंवा लिंबू छाटत असाल तर एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाती स्पिरिटने पुसा. रोग कटरच्या पात्यावरूनही फिरतो.

६. बोटं पूर्ण वळत नाहीत. बारीक मूठ हातातून निसटते.

मूठ जाड करा. सव्वा ते दीड इंच व्यासाची मूठ बहुतेक दुखऱ्या हातांना सोसते. सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून पट्टी करा आणि ताणत ताणत, अर्धी अर्धी चढवत गुंडाळा. टोक शेवटच्या दोन वेढ्यांखाली खोचा. चिकटपट्टी नको, उन्हात तिचा गोंद ओघळतो. टोकाकडे दोन-तीन वेढे जास्त दिले की तिथे गाठ तयार होते आणि हात घसरून पात्यावर जात नाही.

नजर कमी झाली असेल तर त्याच ट्यूबवर लाल किंवा पिवळा रंग द्या. हिरव्या मुठीचं खुरपं गवतात हरवतं, आणि मग ते पायाला सापडतं.

७. पाण्याचा पाइप ओढताना पाठ भरते. शिवाय तो सारखा मुडपतो.

पाइप मोठा घेतला असणार. पाऊण इंची पाइपच्या १५ मीटर लांबीत सव्वाचार लिटर पाणी मावतं, अर्ध्या इंचीत दोन लिटरही नाही. पाण्याने भरलेला पाइप ओढायचा असतो, म्हणून हा फरक खांद्याला कळतो. घरगुती बागेला अर्धा इंच पुरतो. आतून जाळीचा थर असलेला घ्या, तो कमी मुडपतो.

पाइप कोपऱ्यावर अडकतो तिथे जमिनीत फूटभर उंच सळई गाडून तिच्यावर जुन्या पाइपचा तुकडा चढवा. लांब बाग असेल तर एक लांब पाइप ओढण्यापेक्षा प्लंबरकडून दुसऱ्या टोकाला आणखी एक नळ काढून घेणं केव्हाही बरं. तो नळ फिरवायचा नको, पाव वेढ्यात उघडणाऱ्या लिव्हरचा हवा. तो मनगटानेही उघडता येतो.

पाइपचा रंग पिवळा किंवा केशरी निवडा. हिरवळीवरचा हिरवा पाइप दिसत नाही आणि पाय अडकतो. उन्हाळ्यात पहिलं पाणी आधी बादलीत सोडा. दुपारभर तापलेल्या पाइपमधलं पाणी रोपं आणि हात दोन्ही भाजतं.

८. ठिबक बसवलं आणि टायमर लावला, पण टायमर उघडतच नाही. किंवा काही कुंड्या कोरड्या राहतात.

टायमरचा दोष बहुधा दाबाचा असतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळापेक्षा ३ मीटर उंच असेल तर दाब फक्त ०.३ बार (बार हे दाबाचं माप) मिळतो. सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या) झडपेच्या बऱ्याच टायमरांना उघडायला त्याहून जास्त लागतो. टाकीवर चालवायचं असेल तर बॉल व्हॉल्व्हचा टायमर मागा, तो शून्य दाबावरही फिरतो. ड्रिपरही (थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) साधे घ्या. दाब समान ठेवणारे महाग ड्रिपर इतक्या कमी दाबावर नीट चालत नाहीत.

कोरड्या कुंड्यांचं कारण बहुतेक वेळा क्षार. बोअरच्या पाण्याने ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली जमते. ड्रिपर काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी फुंकून बघा. टाकीनंतर जाळीचा फिल्टर असायलाच हवा. तो आठवड्याला धुवा आणि महिन्यातून एकदा मुख्य नळीचं शेवटचं टोक उघडून गाळ जाऊ द्या.

हिशेब: ताशी ४ लिटरचा ड्रिपर अर्ध्या तासात २ लिटर देतो. १२ इंची कुंडीला मे महिन्यात सकाळी तेवढं लागतं. पावसाळा लागला की टायमर बंद करायला विसरू नका.

९. कुंड्या सरकवताना कंबर धरते. हलक्या कशा करायच्या?

१२ इंची कुंडीत सुमारे १५ लिटर माती मावते. ती ओली काळी माती असेल तर वजन २५ किलोच्या आसपास जातं. एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग गांडूळखत असं मिश्रण केलं तर बरेच किलो वाचतात. मातीची कुंडी सोडून प्लास्टिकची किंवा कापडी पिशवी घेतली तर आणखी.

कोकोपीटची पाच किलोची वीट भिजल्यावर ६० लिटरच्या वर फुगते. ती पिंपात भिजवून मग घमेल्याने वाहू नका. जिथे लागणार तिथेच वीट ठेवून पाणी ओता. पहिलं पाणी पिळून टाका, त्यात क्षार असतात.

जड कुंडी एकदा मांडण्याआधीच चाकांच्या स्टँडवर ठेवा. स्टँडला निदान दोन चाकांवर ब्रेक हवेत. जी आधीच जमिनीवर आहे तिला गोणपाटावर कलती करून ओढा, उचलू नका. आणि पाणी घालायच्या आधी हलवा, नंतर नाही.

१०. उंच वाफा बांधायचा आहे. उंची किती ठेवू?

माणूस कसा काम करणार त्यावर सगळं अवलंबून आहे. उभं राहून करायचं असेल तर ३० ते ३४ इंच. काठावर बसून करायचं असेल तर १८ ते २० इंच, आणि काठ आठ-नऊ इंच रुंद. रुंदी एका बाजूने हात पोचणार असेल तर २ फूट, दोन्ही बाजूंनी ४ फूट. त्याहून रुंद केला की माणूस वाफ्यावर ओणवा होतो आणि मूळ हेतूच जातो.

चाकाच्या खुर्चीसाठी वाफा टेबलासारखा हवा. गुडघे आत जायला खाली २७ इंच मोकळे ठेवा. मग वरचा ट्रे ६ इंचांपेक्षा खोल नको, नाहीतर माती छातीशी येते आणि खांदे भरून येतात. सहा इंचांत मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर), मुळ्याचा पाला, पुदिना उत्तम येतात. वांगी-टोमॅटोचा हट्ट तिथे धरू नका. रस्त्याचा चढ बारा फुटांत एक फुटापेक्षा जास्त नको.

विटांच्या वाफ्यात निव्वळ काळी माती भरणं ही नागपुरातली नेहमीची चूक. पावसाळ्यात ती फुगते आणि भिंतीला उभी भेग पाडते. प्रश्न ९ मधलं मिश्रण भरा आणि सर्वांत खालच्या थरात दर दोन फुटांवर पाणी निघायला भोक ठेवा.

११. असाच वाफा गच्चीवर चालेल का?

तसाच नाही. लोकांची ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकांप्रमाणे दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरून काढतात. दीड फूट खोल ओल्या मातीचा वाफा तेवढ्याच जागेत साडेसहाशे किलोंच्या वर जातो. गच्चीवर उंची लोखंडी किंवा बांबूच्या घोडीने मिळवा आणि वर हलक्या मिश्रणाचे उथळ ट्रे ठेवा. जड कुंड्या बीमवर आणि भिंतीच्या रेषेत, मधोमध नाहीत. जुनं घर असेल तर स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय काही चढवू नका.

१२. कूलरचं उरलेलं पाणी कुंड्यांना घातलं तर बादली वाहणं वाचेल ना?

वाचेल, पण झाडं बिघडतील. कूलरमधून फक्त पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि दिवसागणिक घट्ट होतात. पानांच्या कडा जळायला लागल्या की कारण बहुधा हेच. हे पाणी मोरीत जाऊ द्या.

१३. उन्हाळ्यात आजोबा ऐकतच नाहीत, दुपारी बागेत जातात. किती वाजेपर्यंत चालेल?

मे महिन्यात नागपुरात साडेपाचच्या सुमारास उजाडतं. साडेसातला आत यायचं, फार तर आठ. पारा ४५ अंशांना टेकतो त्या दिवसांत संध्याकाळीही फरशी आणि भिंती साडेसातपर्यंत आग ओकत असतात, म्हणून संध्याकाळचं काम पाणी देण्यापुरतंच. तहान लागायची वाट बघू नका. वयानुसार तहानेची जाणीव कमी होते. बाहेर जाण्याआधी पेलाभर पाणी, मग दर वीस मिनिटांनी थोडं थोडं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा पाण्यावर बंधन असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.

दुपारी बाहेर जावंसं वाटतं ते झाडं माना टाकताना दिसतात म्हणून. त्यावर उपाय करा म्हणजे जाणं आपोआप थांबेल: ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट आणि मातीवर दोन-तीन इंच वाळला पाला. बरीच झाडं दुपारी माना टाकतात आणि रात्रीतून सावरतात. सकाळी सहालाही मान खालीच असेल तरच पाणी कमी पडतंय असं समजा.

बोलणं असंबद्ध होणं, ओकारी, अंग तापलेलं असूनही घाम नाही, अशी चिन्हं दिसली तर सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

१४. पावसाळ्यात कशाची भीती जास्त: घसरण्याची की सापाची?

घसरण्याची. ती रोजची आहे. वाटेवरचं शेवाळ घरातल्या तरुण माणसाने ब्लीचिंग पावडर आणि खराट्याने पंधरा दिवसांनी काढावं. बागेच्या दोन-तीन पायऱ्यांना तरी कठडा लावा. चपला नकोत, मागून बंद असलेले रबरी बूट घाला. मधुमेह असेल तर बारा महिने. पायाची संवेदना कमी असते आणि काटा टोचलेला कळत नाही.

साप आपल्याकडे असतात: नाग, मण्यार, घोणस. कुंडी, वीट किंवा पाल्याचा ढीग हाताने उचलण्याआधी लांब काठीने हलवा. अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय बागेत पाऊल नको. चावलाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. तो अवयव हलू न देता थेट मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) किंवा मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) अशा मोठ्या रुग्णालयात न्या.

तिसरी भीती कमी लोकांना माहीत असते. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात स्क्रब टायफस या तापाचे रुग्ण आढळले होते. झुडपांत आणि उंच गवतात असलेल्या चिगर माइट्सच्या बारीक अळ्या चावल्याने तो होतो. गवतावर बसून काम करू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, काम झालं की आंघोळ करून कपडे धुवायला टाका. ताप आला आणि अंगावर कुठे काळी खपली दिसली तर डॉक्टरांना बागकामाचं आवर्जून सांगा. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या करायच्या, हे डेंग्यूसाठी.

१५. परसातली संत्री आणि आंबे उतरवायला बाबा शिडीवर चढतात.

शिडी लपवून ठेवा, हे आम्ही गंभीरपणे सांगतो. काळ्या मातीत शिडीचा एक पाय रुतला की ती फिरते. आंब्यासाठी झेला घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला प्रसिद्ध आहे, त्यात देठ कापायला पातं असतं आणि आंबा जाळीत पडतो. दांडा बांबूचा ठेवा आणि वरून विजेची तार जात असेल तर ॲल्युमिनियमचा मुळीच नको.

संत्र्याचं साल सैल असतं. ओढून तोडलं तर देठाशी फाटतं आणि फळ दोन दिवसांत सडायला लागतं. देठ कटरने फळालगत कापायचा. हात पोचेल तेवढीच फळं स्वतः काढायची, वरची नातवंडांसाठी. झाड दरवर्षी थोडं थोडं छाटून हाताच्या उंचीत आणता येतं. एकदम निम्मं कापू नका, उघडी पडलेली खोडं उन्हाने करपतात.

१६. लकव्यानंतर एकच हात चालतो. काय करता येईल?

बरंच काही. कुंडी टेबलावर ठेवून तिच्याखाली ओलं फडकं किंवा रबरी चटई घाला म्हणजे ती फिरत नाही. पिशवीचं तोंड कापायला कात्रीऐवजी टेबलाला घट्ट बसवलेली विळी वापरू नका, अपघात होतो. घरच्यांनी पिशव्या आधीच डब्यात ओतून ठेवाव्यात. बारीक बी ओल्या वाळूत मिसळून मिठाच्या डबीतून पेरा. कटर एका हाताने कडी उघडणारा निवडा, आणि दुकानातच उघडून-मिटून बघा. टोकाशी मनगटाला आधार देणारा पट्टा असलेली खुरपी मिळतात. न मिळाल्यास जुना मऊ पट्टा खुरप्याच्या मागच्या टोकाला बांधून घ्या.

१७. बॅटरीवरचा कटर किंवा गवत कापायचं यंत्र घेऊ का?

बॅटरीवरचा फांदीकटर, हो, पण ज्याचे हात थरथरत नाहीत त्यालाच. तो बोट आणि फांदी यांत फरक करत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर टाळा. गवत कापायची खांद्यावरची पेट्रोल यंत्रं ज्येष्ठांसाठी नाहीतच: जड असतात, थरथरतात आणि खडे उडवतात. त्यासाठी महिन्यातून एकदा माणूस लावा.

१८. अवजारं कुठे घ्यावीत, ऑनलाइन की बाजारात?

जे हातात धरून बघायचं ते बाजारात. इतवारीतल्या लोहा ओळीच्या भागात लोखंडी अवजारं मिळतात. सोबत ज्येष्ठांना न्या आणि अवजार त्यांच्या हातात द्या. तीन गोष्टी बघा: पातं आणि दांडा यांच्या जोडावर हललं तर घेऊ नका, पत्रा बोटाने वाकला तर घेऊ नका, एका हाताने आडवं धरून दहा आकडे मोजता आले नाहीत तर ते जड आहे. ठिबकचे सुटे भाग, रॅचेट कटर यांसारख्या गोष्टी ऑनलाइन चालतात. लांब दांडा बसवायला लोहारच हवा.

१९. आजीला विसर पडायला लागला आहे. बाग हीच तिची आवड आहे. तिला एकटीला जाऊ द्यावं का?

जाऊ द्या, पण बाग आधी तपासा. कण्हेर, बिट्टी, धोत्रा आणि गुंज विषारी आहेत. ती काढा किंवा कुंपणापलीकडे हलवा. बिट्टीचं फळ खाण्याजोगं वाटू शकतं आणि ते जिवावर बेततं. देवाला कण्हेरीची फुलं लागतात म्हणून लोक झाड काढत नाहीत. तिथे जास्वंद लावा.

कीटकनाशकं घरातून बाहेर काढा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवलेलं औषध तर आजच. निंबोळी अर्कसुद्धा कुलपात ठेवा. फिरायची वाट एकच, गोल आणि घरापाशीच परत येणारी ठेवा, म्हणजे कुठे वळायचं हा प्रश्न पडत नाही. अवजारांत बोथट खुरपं आणि पाच लिटरची झारी पुरे. झारी अर्धीच भरा. भिंतीवर फळी लावून तिच्यावर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवा, तिला ते परत कुठे टांगायचं ते कळतं, आणि संध्याकाळी एक जागा रिकामी दिसली तर तुम्हालाही कळतं की खुरपं अजून बाहेर आहे.

पाणी घातलेलं ती विसरेल आणि पुन्हा घालेल. त्यासाठी तिच्या कुंड्यांत अळू, पुदिना, कर्दळ अशी जास्त पाणी सोसणारी झाडं लावा आणि निवडुंग-कोरफड दुसरीकडे ठेवा.